टॉर्पेडो नंतर येतील

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत एकाच दिवशी तीन नौका नौदलात दाखल झाल्या. विनाशिका 'सुरत', फ्रिगेट 'निलगिरी' आणि पाणबुडी 'वागशीर'. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. पंतप्रधान आले, भाषण झालं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर व्हिडिओ आणि त्याखाली तिरंग्यांची रांग. दिवस अभिमान वाटावा असाच होता. पण त्या गर्दीत एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही : 'वागशीर'मध्ये टॉर्पेडो कुठले आहेत?

पाणबुडीचं मुख्य हत्यार म्हणजे टॉर्पेडो. 'वागशीर' ही 'कलवरी' वर्गातली सहावी आणि शेवटची पाणबुडी. या सहा पाणबुड्यांचा करार फ्रेंच कंपनीशी २००५मध्ये झाला. पहिली 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ला दाखल झाली. त्यानंतर सात वर्षांनी सहावी आली, तरी या वर्गासाठी निवडलेला नवा जड टॉर्पेडो आलेला नव्हता. १९८०च्या दशकातल्या जर्मन पाणबुड्यांसोबत घेतलेल्या जुन्या 'एसयूटी' टॉर्पेडोंवर भागवलं जात होतं. जहाजांवर डागायला एक्झोसेट क्षेपणास्त्रं आहेत, हे खरं. पण समोर शत्रूची पाणबुडी आली, तर ते क्षेपणास्त्र कामाचं नाही. तिथे टॉर्पेडोच लागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण जहाजाच्या सांगाड्यालाच आधुनिकीकरण समजतो. टॉर्पेडो, सोनार, सुरुंग काढणाऱ्या बोटी, बॅटऱ्या, वेळेवर होणारी दुरुस्ती यांची रील बनत नाही. पण लढाई त्यांच्यावरच लढली जाते, आणि नेमक्या त्याच गोष्टींना आपण वर्षानुवर्षं 'नंतर येतील' म्हणून रांगेत शेवटी उभं करतो. यात काँग्रेसच्या आणि भाजपच्या सरकारांत डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

दुकान तेच, उशीर आपला

'कलवरी'साठी इटलीच्या 'ब्लॅक शार्क' टॉर्पेडोची निवड झाली होती. ९८ नग घ्यायचे होते. मग अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी घ्यायच्या हेलिकॉप्टरांच्या व्यवहारात लाचखोरीचं प्रकरण बाहेर आलं. हेलिकॉप्टर बनवणारी ऑगस्टा-वेस्टलँड आणि टॉर्पेडो बनवणारी 'वास' या एकाच फिनमेकानिका समूहातल्या कंपन्या. म्हणून २०१६मध्ये टॉर्पेडोंची खरेदीही रद्द झाली. गुन्हा हेलिकॉप्टरचा, शिक्षा पाणबुडीला.

पुढे काय झालं? २०२५च्या डिसेंबरअखेर ४८ जड टॉर्पेडोंचा सुमारे १,८९६ कोटी रुपयांचा करार झाला. तो कुणाशी, तर त्याच इटालियन 'वास'शी. पुरवठा सुरू होणार २०२८मध्ये. तोवर 'कलवरी' दहा वर्षांची झालेली असेल. नग निम्मे, दुकान तेच, आणि मधली जवळपास दहा वर्षं हवेत.

हा पहिला प्रसंग असता, तर नशिबाला बोल लावता आला असता. १९८१मध्ये आपण जर्मनीच्या 'एचडीडब्ल्यू'शी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कील शहरात बांधल्या गेल्या, दोन माझगावात. आपली माणसं कीलला जाऊन शिकून आली. पाणबुडीचं कवच जोडणारा वेल्डर हा साधा वेल्डर नसतो. खोल पाण्याच्या दाबाखाली एक कच्चा सांधा सगळ्यांचा जीव घेतो. अशी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात. १९८७मध्ये दलालीचा वाद पेटला आणि पुढच्या दोन पाणबुड्यांचा विषय गुंडाळला गेला. माझगावातली दुसरी पाणबुडी 'शंकुल' १९९४मध्ये दाखल झाली. त्यानंतर इथे बांधलेली पुढची पाणबुडी नौदलात यायला २०१७ उजाडलं. तेवीस वर्षं! तोवर कीलला शिकलेले हात निवृत्त झाले होते. आपण पुन्हा शून्यापासून शिकलो आणि त्या शिकवणीची फी नव्याने भरली.

आणि आता पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव गोदी कुणासोबत वाटाघाटी करते आहे? 'टीकेएमएस' या जर्मन कंपनीसोबत. कीलचा तोच कारखाना आज तिच्या मालकीचा आहे. १९९९मध्ये मंजूर झालेल्या तीस वर्षांच्या आराखड्यात २०३०पर्यंत २४ पाणबुड्या बांधायच्या होत्या. या सहा त्याच आराखड्यातल्या दुसऱ्या फळीतल्या आहेत.

१९७१चे पाच दिवस

हत्यार नंतर आणि जहाज आधी, हा प्रकार पाणबुडीपुरता नाही. 'कोलकाता' ही विनाशिका ऑगस्ट २०१४मध्ये थाटामाटात दाखल झाली, तेव्हा तिच्यावर लांब पल्ल्याची विमानविरोधी क्षेपणास्त्रं नव्हती. तिच्यावरून त्यांची पहिली चाचणी झाली डिसेंबर २०१५मध्ये. पाणबुडी लांबून हुडकण्यासाठी जहाजामागे ओढत न्यायचा सोनारही नव्हता. त्याच महिन्यात आलेली 'कामोर्ता' तर पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीच बांधलेली, तरी तिलाही तो सोनार नव्हता. 'विक्रांत' २ सप्टेंबर २०२२ला दाखल झाली. तिच्यासाठीच्या २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला एप्रिल २०२५मध्ये. तोवर भिस्त मिग-२९के विमानांवर, ज्यांच्याबद्दल 'कॅग'ने २०१६च्या अहवालात लिहिलं होतं की, उड्डाणायोग्य असण्याचं त्यांचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान आहे.

जहाज आधी बांधून काही यंत्रणा मागाहून बसवणं, हे जगातली इतर नौदलंही करतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते 'मागाहून' या शब्दापुढे तारीख नसणं.

नौदल दिन आपण ४ डिसेंबरला साजरा करतो. १९७१मध्ये त्या रात्री आपल्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. दोनेकशे टनांच्या या बोटी मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी. त्यांचा पल्ला इतका कमी की, त्यांना दोर बांधून ओढत न्यावं लागलं. दिमाख शून्य. पण क्षेपणास्त्र चोख होतं, रडार चोख होतं, आणि माणसांना ते वापरता येत होतं. पाकिस्तानची 'खैबर' विनाशिका बुडाली.

पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ 'खुकरी' बुडाली. ती त्या बोटींपेक्षा कितीतरी मोठी, पाणबुडीविरोधी कामासाठीच बांधलेली फ्रिगेट होती. पण तिचा सोनार जुना. समोरच्या फ्रेंच बनावटीच्या 'हंगोर' पाणबुडीला ती आधी ऐकू आली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाजासोबत बुडाले, त्यांच्यावर आपण लेख लिहितो, मुलांना गोष्ट सांगतो. सोनारची गोष्ट मात्र सांगत नाही. ती सांगितली असती, तर २०१४मध्ये सोनारशिवाय दोन युद्धनौका दाखल करून घेताना कुणाला तरी अडखळल्यासारखं झालं असतं.

शून्य

भारतीय नौदलाकडे समुद्री सुरुंग काढणाऱ्या बोटी किती, माहीत आहे? शून्य. एकेकाळी डझनभर सोव्हिएत बोटी होत्या. त्या म्हाताऱ्या होत गेल्या आणि २०१९मध्ये शेवटची 'कोझिकोड' निवृत्त झाली.

सुरुंग हे गरिबाचं हत्यार आहे. १९८८मध्ये इराणने आखातात पेरलेल्या एका सुरुंगाने अमेरिकेच्या 'सॅम्युएल रॉबर्ट्स' या फ्रिगेटची जवळजवळ वाट लावली. त्या सुरुंगाचं मूळ डिझाइन १९०८ सालचं होतं. आता न्हावा-शेवा बंदर डोळ्यांसमोर आणा. कंटेनर जहाजं एका ठरलेल्या, खोदून खोल केलेल्या वाटेने आत येतात. त्या वाटेत दोन-चार सुरुंग पडल्याची नुसती अफवा उठली, तरी विमा कंपन्या जहाजं थांबवतील. आणि वाट साफ आहे, हे खात्रीने सांगायला लागणारी खास बोट आपल्याकडे एकही नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. दक्षिण कोरियाच्या कंपनीची निवड झाली, दलालीच्या आरोपावरून २०१४मध्ये ती रद्द झाली. मग त्याच कंपनीच्या मदतीने गोवा शिपयार्डमध्ये १२ बोटी बांधायच्या ठरल्या, सुमारे ३२,००० कोटींच्या. २०१८मध्ये तेही बारगळलं. जुलै २०२५मध्ये पुन्हा तत्त्वतः मंजुरी मिळाली. मंजुरी म्हणजे बोट नव्हे.

मुंबईतले सव्वीस

नव्या जहाजांचं हे झालं. असलेल्या जहाजांचं काय? १४ ऑगस्ट २०१३, मुंबई गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट : १८ मृत. २६ फेब्रुवारी २०१४, मुंबईजवळच्या समुद्रात दुरुस्तीनंतरच्या चाचणीवर निघालेल्या 'सिंधुरत्न'मध्ये आग : दोन अधिकारी मृत. ५ डिसेंबर २०१६, 'बेतवा' सुक्या गोदीतून बाहेर काढताना चक्क आडवी झाली : दोन मृत. १८ जानेवारी २०२२, 'रणवीर'वर स्फोट : तिघे मृत. २१ जुलै २०२४, दुरुस्तीला आलेल्या 'ब्रह्मपुत्रा'ला आग लागली आणि जहाज कुशीवर कलंडलं : एक मृत.

फक्त मुंबईतले हे पाच प्रसंग, सव्वीस जीव, आणि एकही गोळी शत्रूची नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं. पण पाचपैकी तीन अपघात दुरुस्तीच्या वेळी किंवा ती होताच घडले. 'सिंधुरत्न'नंतर नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. सरकारनेही तो त्याच दिवशी स्वीकारला. टॉर्पेडोची फाइल दहा वर्षं फिरवणारी यंत्रणा राजीनामा मात्र एका दिवसात मंजूर करू शकते. संरक्षणमंत्री जागेवरच राहिले.

नेहमीचे आक्षेप

'हे सगळं उघड बोललं, तर शत्रूला कळेल.' शत्रूला कधीच कळलेलं आहे. या लेखातली कुठलीच गोष्ट गुपित नाही. सरकारी निवेदनं, 'कॅग'चे अहवाल आणि वर्तमानपत्रं यांत ती पडून आहेत. अंधारात आहे तो कर भरणारा नागरिक.

'मग लाचखोरी खपवून घ्यायची का?' मुळीच नाही. खटले चालवा, दलालांना तुरुंगात घाला, कंपनीकडून पैसे वसूल करा. पण खरेदीच रद्द केली की, दलाल मोकळा राहतो आणि किंमत पाणबुडीतले नौसैनिक मोजतात. शिवाय एक वाईट सवय जडते : सही केली तर चौकशी, नाही केली तर बढती. मग अधिकारी सही कशाला करेल?

'आता सगळं स्वदेशी होतंय.' होतंय, आणि ती खरी कमाई आहे. जहाजाचा सांगाडा, त्याचं पोलाद आपण बनवतो. जहाजावरून सुटणारा 'वरुणास्त्र' टॉर्पेडो आपल्याच शास्त्रज्ञांनी केला. पण 'कलवरी'च्या नळीतून सुटणारा टॉर्पेडो इटलीहूनच आणावा लागतो आहे. स्वदेशीचा अभिमान बाळगायचा, तर तो सांगाड्यापाशी संपता कामा नये.

'विक्रांत'च्याच समारंभात नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात विजयाच्या गर्जना कमी आणि कामाच्या गोष्टी जास्त : लाकूड कसं मिळवायचं, रयतेचं झाड तिला राजी केल्याशिवाय कसं तोडायचं नाही, पावसाळ्यात आरमाराची छावणी कुठे करायची. देखभाल हाच तिथे राज्यकारभार आहे. आपण मुद्रा घेतली, प्रकरण वाचायचं राहिलं. २०२३च्या नौदल दिनी मालवणच्या राजकोटावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. नऊ महिने व्हायच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. अनावरणाची तारीख पाळली, गंजाकडे पाहायचं राहिलं. आपल्या संरक्षण खरेदीचं याहून नेमकं चित्र मला काढता येणार नाही.

मागणी फार मोठी नाही. मुख्य हत्याराशिवाय जहाज दाखल करायचंच असेल, तर ते हत्यार कधी येणार याची तारीख त्याच दिवशी संसदेला द्या. दर वर्षी किती जहाजांची दुरुस्ती वेळेत झाली, हे संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवा. गोदीतली बांधणीची साखळी तुटू देऊ नका, कारण माणसं गोदामात ठेवता येत नाहीत. आणि भ्रष्टाचार झाला तर शिक्षा माणसाला द्या, हत्याराला नको.

राहिलो आपण. पुढची युद्धनौका दाखल होईल, तेव्हा व्हिडिओ तुमच्या फोनवर येईलच. तिरंगा जरूर टाका. त्याच्याखाली एक ओळ लिहा : सोनार बसवलाय का, हेलिकॉप्टर आहे का, टॉर्पेडो आलेत का? कुणी देशद्रोही म्हटलं, तर 'खुकरी'वर किती माणसं होती ते त्याला विचारा.