बॅटरी का पेटते?

लिथियमची बॅटरी आता घरोघरी पोहोचली आहे. ती मोबाईलमध्ये आहे, तशीच काहींच्या दारातल्या विजेच्या स्कूटरमध्येही आहे. ती पेटल्याच्या बातम्याही आपण वाचतो. असे का घडते, हे आम्ही आज सांगणार आहोत.

बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एक द्रव असतो. त्यातून लिथियमचे विद्युतभारित कण ये-जा करतात. हा द्रव ज्वालाग्राही असतो. बॅटरी चेपली, अती तापली किंवा आत शॉर्टसर्किट झाले, की तो पेट घेतो.

मग द्रव काढून तिथे प्लास्टिकसारखा घट्ट पदार्थ भरला तर? इंग्लंडमधील शेफिल्ड येथे पीटर राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात दाखविले, की पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये क्षार मिसळला तर त्यातूनही वीज वाहते. फ्रान्सचे मिशेल आर्मां यांनी १९७८ साली तो बॅटरीसाठी सुचविला. मात्र त्याच्या साखळ्या हलल्या तरच कण पुढे सरकतात. म्हणून तो साधारण ६० अंशांच्या वर तापवावा लागतो. पदार्थ मऊ केला तर कण भरभर जातात. पण लिथियमच्या सुईसारख्या काड्या वाढून त्याला भोसकू शकतात. कडक केला तर कणांची वाट अडते. यावर शास्त्रज्ञ एकाच साखळीत दोन भाग जोडून पाहत आहेत. एक भाग भिंतीसारखा कणखर, दुसरा वाटेसारखा मोकळा.

पण घट्ट पदार्थ म्हणजे आगीपासून पूर्ण अभय नव्हे. पॅरिसमध्ये अशा बॅटरीच्या बसगाड्या धावत होत्या. एप्रिल २०२२ मध्ये त्यांतील दोन पेटल्या आणि त्याच बनावटीच्या १४९ गाड्या तात्पुरत्या बंद ठेवाव्या लागल्या. या बॅटरीत लिथियम धातूच असतो, आणि तो स्वतःच पेट घेणारा आहे.

संशोधन चालू राहील. तोवर काळजी आपणच घ्यायची. एका खोलीच्या घराला दार एकच असते. त्या दारात स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावू नका. सगळे झोपल्यावर तर नकोच. चार्जर त्याच बॅटरीचा वापरा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. कचऱ्यात न टाकता दुरुस्ती केंद्रावर द्या. मुलांनाही हे समजावून सांगा. स्वस्तातल्या चार्जरने वाचलेल्या पैशांपेक्षा घरातली माणसे मोलाची आहेत.