विद्यार्थी-नाट्यप्रयोग आणि प्रेक्षक
१९६३ मध्ये सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकाने पुण्यातील महाविद्यालयीन रंगभूमीला स्पर्धेची शिस्त दिली. विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने तिला अभ्यासक्रमाचे अधिष्ठान दिले. मात्र दोन्हीकडे निर्णय परीक्षकांचा. अपरिचित प्रेक्षक दुय्यमच ठरतो. वस्तुतः त्याच्या प्रतिसादाखेरीज नाट्यशिक्षण अपुरे होय. म्हणूनच विद्यार्थी-प्रयोगांचा हंगाम लोणावळा लोकलच्या मार्गावरील देहूरोडसारख्या ठिकाणी न्यावयास हवा. तुकोबांच्या देहूचे सान्निध्य, लष्करी छावणीभोवतीची बहुभाषिक वस्ती आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्ती प्रतिष्ठापिलेले विहार, या परिसरातील प्रेक्षक अभिनयाइतकीच संहितेच्या भाषेचीही कसोटी घेईल. त्या कसोटीची नोंद मराठी विभागांनी ठेवावी. एरव्ही छापील संहितेपुरते मर्यादित नाट्यसंशोधन एकांगीच राहील.