नव्या पिढीचे कौतुक, जुन्याचे काय?

निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीने ५ जून २०२५ रोजी 'स्विच २' हे व्हिडिओ गेमचे नवे यंत्र बाजारात आणले आणि पहिल्या चार दिवसांतच त्याचे पस्तीस लाखांहून अधिक नग जगभर खपले. त्याबरोबर एक जुना वादही पुन्हा सुरू झाला. कन्सोलच्या 'पिढ्या' ह्या कल्पनेला आता काही अर्थ उरला आहे काय, हा तो वाद होय. विषय पोरासोरांचा वाटेल आणि शिक्षक-कारकुनांनी त्यात लक्ष का घालावे, असा प्रश्नही पडेल. परंतु बारकाईने पाहिल्यास हा प्रश्न खेळाचा नसून अर्थशास्त्राचा आहे. आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातील मध्यमवर्गीय घराशी त्याचा संबंध टोकियो-न्यूयॉर्कमधील घरापेक्षा अधिक निकटचा आहे.

प्रथम पिढी म्हणजे काय ते पाहू. १९७२ साली अमेरिकेत 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' हे घरच्या टीव्हीला जोडावयाचे पहिले यंत्र आले. ती पहिली पिढी मानली जाते. निन्टेन्डोचे १९८३ चे 'फॅमिकॉम' हे तिसऱ्या पिढीचे, सोनीचे २००० सालचे 'प्लेस्टेशन २' सहाव्या, तर २०२० चे 'प्लेस्टेशन ५' नवव्या पिढीचे. ह्या व्यवस्थेमागील हिशेब सरळ होता. यंत्र प्रारंभी नाममात्र नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकावयाचे आणि त्यावर चालणाऱ्या प्रत्येक खेळामागे मिळणाऱ्या हिश्श्यातून कमाई करावयाची. पाच-सात वर्षांनी नवे यंत्र आणावयाचे. त्यावर जुने खेळ बहुधा चालत नसत. ग्राहकाने सर्व खरेदी पुन्हा करावी, अशीच ती रचना होती.

हे चक्र आता मंदावले आहे, हे उघड आहे. 'प्लेस्टेशन ५' आल्यानंतर दोन वर्षांनीही सोनीचे मोठे खेळ जुन्या 'प्लेस्टेशन ४' साठी निघत होते. मायक्रोसॉफ्ट आपले खेळ प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावरही देऊ लागली आहे. नव्या यंत्रावर बहुतेक जुने खेळ चालतात आणि दोन पिढ्यांतील चित्रांचा फरक ओळखण्यास सवयीचा डोळा लागतो. म्हणून महानगरांतील समीक्षक म्हणतात की पिढ्या संपल्या, आणि त्यांच्या जागेवरून पाहता ते बरोबरही आहे.

आपल्या जागेवरून मात्र चित्र निराळे दिसते, कारण आपल्याकडे पिढ्या जपान-अमेरिकेच्या पंचांगाप्रमाणे कधी आल्याच नाहीत. १९८३ च्या फॅमिकॉमच्या तैवान-चीनमध्ये बनलेल्या नकला १९९० नंतरच्या दशकात आपल्या जिल्ह्यांच्या गावी पोहोचल्या. कन्सोल हा शब्द कोणी उच्चारीत नसे. तो 'टीव्ही गेम' होता आणि त्यात घालावयाची ती 'कॅसेट'. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आपल्या मुलांनी त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी पाहिला आणि तो त्यांच्यासाठी नवाच होता. कायद्याच्या दृष्टीने ह्या नकलांचे समर्थन करता येणार नाही. तथापि त्यांच्यामुळे एक गोष्ट सिद्ध झाली: पिढी महानगरात जन्माला येते, पण नांदते ती लहान गावात. वरच्या थरात जे जुने होते, ते स्वस्त होऊन खाली उतरते. कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात जाते, अदलाबदल होते, भाड्याने मिळते. आपल्या दृष्टीने पिढी बदलण्याचे महत्त्व नवे येण्यात नव्हते, जुने उतरण्यात होते.

आपल्या निर्मात्यांनाही हाच उतार उपयोगी पडला आहे. हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरिअर' हा खेळ २००९ साली आला तो 'प्लेस्टेशन २' वर, म्हणजे ते यंत्र निघाल्यानंतर नऊ वर्षांनी. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०११ मध्ये 'रा.वन' चित्रपटावरून केलेला खेळही त्या यंत्रावर निघाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डोच्या 'स्विच'वर आला. ते यंत्र २०१७ चे. नव्या यंत्राच्या झगमगाटात अफाट भांडवल लागते. ज्या यंत्राचे ग्राहक आधीच घरोघर आहेत, तेथे मर्यादित पुंजीच्या कलावंतालाही उभे राहता येते.

हा उतार आता दोन ठिकाणी अडला आहे. पहिला अडथळा किमतीचा. अमेरिकेत 'प्लेस्टेशन २' ची किंमत २००० साली २९९ डॉलर होती. २००९ मध्ये ती ९९ डॉलरवर आली. यंत्र जुने होत गेले तसतसे स्वस्त होत गेले. उलट 'प्लेस्टेशन ५' २०२० साली ४९९ डॉलरला निघाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची किंमत ५४९ डॉलर झाली. भारतात ते फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांस आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेच यंत्र ५४,९९० रुपयांचे झाले. वय वाढते आणि किंमतही वाढते, असा हा उफराटा प्रकार आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की उत्पन्नेही वाढली आहेत. आपल्या जिल्ह्यात हा हिशेब कापसात मांडणे योग्य ठरेल. 'प्लेस्टेशन ३' एप्रिल २००७ मध्ये भारतात ३९,९९० रुपयांस आले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला दोन हजारांच्या किंचित आत होता. म्हणजे यंत्राची किंमत सुमारे वीस क्विंटल कापूस. जानेवारी २०१४ मध्ये 'प्लेस्टेशन ४' त्याच किमतीस आले, तेव्हा हमीभाव ४,००० रुपये होता. म्हणजे दहा क्विंटल. 'प्लेस्टेशन ५' आले तेव्हा हमीभाव ५,८२५ रुपये होता. म्हणजे सुमारे साडेआठ क्विंटल. कापसाच्या मापाने नवे यंत्र स्वस्त झाले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हमीभाव म्हणजे शेतकऱ्याच्या हाती उरलेला पैसा नव्हे. बियाणे, खते, फवारणी आणि वेचणीची मजुरी त्यातूनच जाते, आणि हमीभाव प्रत्येकाच्या पदरात पडतोच असेही नाही. शिवाय येथील ग्राहक नवे कोरे यंत्र घेणारा कधीच नव्हता. तो उतरत्या किमतीची वाट पाहणारा होता. ती वाट पाहण्याला आता फळ राहिले नाही.

दुसरा अडथळा अधिक गंभीर असून तो मालकीचा आहे. कॅसेट किंवा डिस्क ही वस्तू होती. ती विकता येई, उसनी देता येई, धाकट्या भावाला ठेवता येई. आता खेळ बहुतांशी इंटरनेटवरून घेतला जातो आणि तो घेणाऱ्याच्या खात्याशी बांधलेला असतो. 'स्विच २' च्या काही खेळांच्या कार्डात तर खेळ नसतोच. असते ती केवळ किल्ली, आणि खेळ कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यावा लागतो. निन्टेन्डोने आपल्या 'थ्रीडीएस' आणि 'वी यू' ह्या जुन्या यंत्रांची इंटरनेटवरील विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ३६०' चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी मिटले. त्यानंतर ही यंत्रे कोणी जुन्या बाजारात घेतली, तर यंत्र मिळते, पण ते दुकान मिळत नाही. युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ मध्ये विकलेला 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून संपविला; पैसे मोजून घेतलेल्या डिस्कचा उपयोग उरला नाही. ह्या घटनेनंतर युरोपात उभ्या राहिलेल्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी स्वाक्षऱ्या केल्या.

यवतमाळकरांना जुन्या यंत्राचे मोल सांगावयास नको. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणाऱ्या 'शकुंतले'चे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले आणि १९९४ पर्यंत धावले. त्याच्यानंतर इंजिनांच्या कितीतरी पिढ्या आल्या. पण दुरुस्त करणारे हात आणि दुरुस्त होऊ शकणारे यंत्र दोन्ही होते, म्हणून ते चालले. त्याच गाडीने दुसरा धडाही दिला. रूळ खासगी कंपनीच्या मालकीचे होते, आणि स्वातंत्र्यानंतरही गाडी चालवायची एकाने व मालकी राहायची दुसऱ्याची, ही स्थिती अनेक दशके टिकली. वस्तू आपल्या दारात असली म्हणजे ती आपली असतेच असे नाही.

हा प्रश्न खेळापुरता राहत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' चा नियमित आधार संपविला. त्यापुढील 'विंडोज ११' ज्यांवर अधिकृतपणे चढू शकत नाही, असे कितीतरी संगणक शाळा-कचेऱ्यांत उत्तम चालत आहेत. त्यांना 'मागच्या पिढीचे' ठरविले ते झिजेने नव्हे, निर्मात्याच्या निर्णयाने. मोबाईल आल्यावर कन्सोलची चर्चा कशाला, असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर आहे. मोबाईलमधील पिढीची रेषाही त्याच पद्धतीने आखली जाते.

तेव्हा मागणी काय करावी? कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा अमलात आला आहे. विकला जातो तो खेळ नव्हे, केवळ वापराचा परवाना आहे, हे विक्रेत्याने ग्राहकास स्पष्ट सांगावे, असे तो म्हणतो. आपल्याकडे त्यापुढे जावयास हवे. वस्तू किती वर्षे चालती ठेवण्याची हमी आहे, ती तारीख वेष्टनावर छापली पाहिजे. सर्व्हर बंद करावयाचाच असेल, तर त्यावाचून खेळ चालेल अशी सोय आधी केली पाहिजे. विकत घेतलेला खेळ दुसऱ्याच्या नावे करण्याचा हक्क ग्राहकास असला पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आणि मोबाईल-इलेक्ट्रॉनिक वस्तू ही दोन्ही क्षेत्रे आहेत, ही योग्य दिशा आहे. मात्र केवळ संकेतस्थळाने हक्क प्राप्त होत नाही, त्यास कायद्याचे बळ लागते.

पिढ्यांना अर्थ उरला आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून असे देता येईल: नवे किती वेगवान आहे हे सांगण्यापुरता तो अर्थ क्षीण झाला आहे. परंतु जुने कोणाच्या हाती, किती किमतीस आणि किती काळ राहणार, हे पिढीच्याच नावाने ठरते, आणि तेथे तो प्रश्न आजही जिवंत आहे. मुलांनी नव्या यंत्रासाठी हट्ट धरला, तर पालकांनी त्याची पिढी कितवी हे विचारण्याऐवजी, हे दहा वर्षांनी चालेल काय आणि दुसऱ्याला देता येईल काय, एवढे दुकानदाराला जरूर विचारावे. त्याच्यापाशी उत्तर नसेल; पण प्रश्न अनेकांनी विचारला, तर उत्तर देणे कोणाला तरी भाग पडेल.