विजेची छोटी मोटार : टवाळी पाखडा, शंका ठेवा



उसाच्या पत्रिकेत मोटारीचा विषय कशाला, असा प्रश्न काही जणांच्या मनात येईल. लागण, खोडवा, उतारा आणि दर सोडून ही मंडळी शहराच्या वाऱ्याला लागली की काय, असेही कोणी म्हणेल. परंतु आज आपल्यातील कित्येकांची मुले-मुली पुण्या-मुंबईस नोकरीला आहेत, कोणाची कोल्हापूर-नाशकाला आहेत. घरात गाडी घ्यायचा विषय निघाला, की अलीकडे विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीचे नाव येतेच. आणि नाव आले रे आले, की घरातला मोटारींचा शौकीन गडी निकाल देऊन मोकळा होतो, "खेळणं हाय ते. जत्रंत फिरवायला बरं." झाले! पाच-दहा लाखांचा व्यवहार आणि निकाल एका वाक्यात.

हे आम्हास रास्त वाटत नाही. उसाच्या बिलावर भिस्त ठेवून कर्ज काढणाऱ्या घराने गाडी टवाळी ऐकून नाकारू नये आणि जाहिरात बघून घेऊही नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शौकीन मंडळींना आम्ही नावे ठेवत नाही. ज्याला नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड कळतो, त्याचे चार शब्द ऐकलेच पाहिजेत. त्यांचे म्हणणे साधारणपणे असे असते : एका चार्जिंगमध्ये ही गाडी लांब जात नाही. घाटात आणि हमरस्त्यावर तिचा टिकाव लागत नाही. आवाज नाही, गिअर नाही, चालविण्यात काही मजा नाही. ट्रकने नुसता धक्का दिला तरी चुराडा. बॅटरी गेली की गाडी भंगारात. आणि एवढे असून किंमत मात्र पेट्रोलच्या गाडीहून जास्त. यातले काही खरे आहे, काही अर्धे खरे आहे आणि काही निव्वळ टवाळी आहे. धान्य कणगीत भरण्याआधी आपण ते पाखडून घेतो. फोल उडते, दाणा सुपात राहतो. या आक्षेपांचेही तसेच करावे.

काटा कोणता लावायचा?

काट्याचे महत्त्व आपल्याला कोणी सांगायला नको. काटा चुकीचा असेल, तर वर्ष-दीड वर्षाची मेहनत वाया जाते. शौकीन मंडळींचा काटा हमरस्त्याचा आहे. शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते, चढावर पुढच्या गाडीला मागे कशी टाकते, यावर ते गाडी जोखतात. या काट्यावर शहरातली छोटी गाडी हलकीच भरणार. शर्यतीचा खोंड आणि औताचा बैल एकाच मापाने मोजून कसे भागेल?

पुण्यात हडपसरला राहून शिवाजीनगरला कामाला जाणाऱ्या माणसाची रोजची ये-जा वीस-पंचवीस किलोमीटरची. त्यातला बराच वेळ सिग्नलला उभे राहण्यात जातो. तेथे पेट्रोलचे इंजिन उभ्या-उभ्या इंधन पीत असते. विजेची मोटर चाक थांबले की थांबते. निघताना तिचा पूर्ण जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे गिअरची खटपट नाही. आणि ब्रेकच्या वेळी तीच मोटर जनित्रासारखी काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते. म्हणजे ज्या गर्दीत इंजिन सगळ्यात वाईट चालते, त्याच गर्दीत मोटर सगळ्यात चांगली चालते. वेगाच्या काट्यावर हे दिसत नाही. घरखर्चाच्या काट्यावर दिसते.

लूनाला हसणारे

याचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली. पन्नास सीसीचे इंजिन, पायंडल मारून सुरू करायची आणि वेळ आली तर सायकलीसारखी हाकायची. बुलेट आणि जावावाल्यांनी तिला काय काय म्हटले असेल, हे सांगायला नको. परंतु दुधाच्या किटल्या, भाजीची गाठोडी, शाळेतली पोरे आणि शाळेतले मास्तर याच लूनाने वाहिले. वेगात ती कोणाच्याच पुढे गेली नाही, पण सायकलीवाल्याला तिने मोटारसायकलीच्या निम्म्या वाटेवर आणून सोडले. तीच लूना २०२४ च्या फेब्रुवारीत विजेवर चालणारी होऊन बाजारात आली, तेव्हा तिची सुरुवातीची किंमत सत्तर हजारांच्या आत होती. शौकिनांचे हसणे काही गिऱ्हाइकाची गरज भागवीत नाही, एवढाच यातला बोध.

रेवाची कथा

आता दुसरी बाजूही पाहू. बंगळूरच्या मैनी समूहाने अमेरिगॉन या अमेरिकी कंपनीशी भागीदारी करून १९९४ साली विजेच्या मोटारीची कंपनी काढली, आणि २००१ साली 'रेवा' नावाची गाडी बंगळुरात विक्रीस आली. आपल्या ट्रॅक्टरला असतात त्याच जातीच्या शिसे-आम्लाच्या आठ बॅटऱ्या, भरायला आठ तास आणि एका भरण्यात सुमारे ८० किलोमीटर. पुढे दोन मोठी माणसे, मागे मुलांपुरती जागा.

हीच गाडी लंडनमध्ये 'जी-विझ' या नावाने विकली गेली. लंडनमध्ये २००३ पासून शहराच्या मध्यभागी मोटार न्यायची तर गर्दीचा कर भरावा लागे, आणि विजेच्या गाडीला तो माफ होता. हिशेबी लंडनकरांनी म्हणून ती घेतली. तिकडच्या शौकिनांनी मात्र तिची भरपूर चेष्टा केली. 'टॉप गिअर' या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात तर ती टिंगलीचा हक्काचा विषय झाली.

पण याच नावाच्या मासिकाने २००७ साली नुसते हसण्यापेक्षा चांगले काम केले. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिली. आतल्या बाहुल्यांवरून दिसले ते असे, की खरा माणूस आत असता तर त्याच्या जिवावर बेतले असते. युरोपच्या नियमांत ही गाडी मोटारीच्या वर्गात नव्हती, हलक्या चारचाकीच्या वर्गात होती. म्हणून मोटारीला लागू असलेली धडकेची चाचणी तिला सक्तीची नव्हती. हा दाणा. हा उडवून लावता येणार नाही.

पुढे २०१० साली महिंद्र कंपनीने रेवा घेतली आणि २०१३ साली लिथियम बॅटरीची नवी छोटी गाडी काढली. तीही पुढे बंद झाली. म्हणजे टवाळी खोटी असली, तरी शंका खरी होती, आणि गिऱ्हाइकाला शंकेचे उत्तर मिळेपर्यंत तो खिशात हात घालीत नाही.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या साध्या प्रकारांची धडकेची चाचणी जाहीर केली. अल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. पाचही पेट्रोल-डिझेलच्या, आणि पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या रक्षणात तारे मिळाले शून्य. सांगाड्याचा कमकुवतपणा विजेमुळे येत नाही. लोखंडात आणि सुरक्षेच्या साधनात काटकसर केली की येतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आहे. गाडी विजेची असो की डिझेलची, तारे विचारावेत. चाचणीच झाली नसेल, तर मुलाबाळांना घेऊन हमरस्त्यावर तिचा भरवसा धरू नये.

हिशेब

आता पैशाचे बोलू. २०२३ साली एमजी कंपनीने 'कॉमेट' ही जेमतेम तीन मीटर लांबीची, दोन दारांची, चार माणसांची गाडी आणली. तेव्हाची सुरुवातीची किंमत ७ लाख ९८ हजार. बॅटरी १७.३ युनिटांची, आणि एका भरण्यात २३० किलोमीटर असा कंपनीचा दावा. दावा म्हणजे बियाण्याच्या पिशवीवर छापलेला उतारा! आपण दोन-तृतीयांश धरू, म्हणजे दीडशे किलोमीटर. भरताना होणारी गळती धरून वीस युनिट वीज, युनिटला दहा रुपये, म्हणजे दोनशे रुपये. पेट्रोलच्या गाडीने शहरात लिटरला पंधरा किलोमीटर दिले, तर तेवढ्याच पल्ल्याला दहा लिटर लागते. पेट्रोल शंभर रुपयांनी धरले तरी हजार रुपये. दीडशे किलोमीटरमागे आठशेची बचत.

परंतु ही बचत गाडी पळाली तर होते. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पाच हजारांवर रुपये वाचतील. दारात उभी राहून रविवारी देवळापर्यंत जाणाऱ्या गाडीत काहीच वाचणार नाही, आणि जादा दिलेली किंमत अंगावर पडेल. तेव्हा शौकिनांचा 'महाग' हा आक्षेप काहींसाठी खरा आहे आणि काहींसाठी नाही. आपण कोणात बसतो, ते ज्याने त्याने वहीवर मांडून पाहावे.

बॅटरीची धास्तीही पोकळ नाही. गाडीतला सर्वांत महाग जिन्नस तोच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये याच कंपनीने ४ लाख ९९ हजारांत गाडी आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला अडीच रुपये, अशी योजना काढली. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घ्यावी तसाच हा प्रकार. मात्र यात वरची बचत निम्म्यावर येते. भाड्याचा कागद नीट वाचून मगच सही करावी.

चीनमधले उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. कॉमेट ज्या चिनी गाडीच्या सांगाड्यावर बेतली, ती वुलिंगची छोटी गाडी २०२० साली २८,८०० युआनपासून विकायला निघाली. अवघी ९.३ युनिटांची बॅटरी आणि १२० किलोमीटरचा दावा. २०२१ या एका वर्षात तिचा खप चार लाखांच्या घरात गेला. तेथे गाडी स्वस्त होती म्हणून शंका मिटली. आपल्याकडे किंमत उतरत नाही तोवर गिऱ्हाईक घुटमळणारच, आणि त्यात गिऱ्हाइकाची काही चूक नाही.

राहिला लांबच्या प्रवासाचा आक्षेप. घरात एकच गाडी असेल आणि तीच घेऊन दर पंधरवड्याला दोनशे किलोमीटरवरच्या गावी यायचे असेल, तर छोटी विजेची गाडी घेऊ नका, असे आम्ही सरळ सांगतो. शहरात फ्लॅटखाली स्वतःच्या मीटरवरून चार्जिंगची सोय नसेल, तरीही घेऊ नका. आणि गावाकडे वीज कधी येते नि कधी जाते, हे आम्ही आपणास काय सांगावे!

आपला हितसंबंध

येथे कोणी म्हणेल, "अहो, गाड्या विजेवर गेल्या तर आपल्या इथेनॉलचं काय?" प्रश्न पोटाचा आहे, टाळून चालणार नाही.

२०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. त्याच वर्षी मोटारींच्या शौकिनांनी या पेट्रोलविरुद्ध मोठा गलका केला. ॲव्हरेज पडते, जुन्या गाडीचे रबर खराब होते, अशी ओरड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. तो गलका आपल्या सगळ्यांना झोंबला. पण त्यातही दाणा होता. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडे पडणारच. याला उत्तर द्यावे लागते, नुसते रागावून भागत नाही. आपल्या इथेनॉलवर शौकीन हसले तर आपण चिडायचे, आणि विजेच्या गाडीवर तेच हसले की त्यांच्या पंगतीला बसायचे, हा कुठला न्याय?

दुसरे असे, की एकाच खुंटीवर सगळा भार टांगू नये. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरता उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणला, तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठविला. मधल्या काळात कारखान्यांची काय ओढाताण झाली, ती सर्वांस ठाऊक आहे. उसापासून वीजही होते. चिपाडावर बॉयलर चालतो, टर्बाइन फिरते, आणि शिल्लक वीज विकता येते. देशातली बरीचशी वीज आजही दगडी कोळशाची आहे, हा शौकिनांचा टोमणा खरा आहे. परंतु कोळशाच्या विजेत चिपाडाच्या विजेची भर घालणारे आपणच आहोत. उसाचा रस टाकीत जावा आणि चिपाड बॅटरीत, यात आपले नुकसान कोणते? दोन्ही गिऱ्हाइके आपलीच.

तेव्हा सभासदांना आमची विनंती अशी. घरात गाडीचा विषय निघाला, की चार प्रश्न वहीत लिहावेत : रोज किती किलोमीटर? चार्जिंगची हक्काची जागा आहे का? धडकेच्या चाचणीत तारे किती? बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि ती लेखी आहे का? चारही उत्तरे मनासारखी असतील, तर कोणी खेळणे म्हणो की आणखी काही म्हणो, तिकडे लक्ष देऊ नये. एकही उत्तर लटके असेल, तर विक्रेत्याने कितीही गोड बोलले तरी थांबावे.

कारखान्याच्या आवारात एक-दोन चार्जिंगच्या जागा कराव्यात का, हा विषय येत्या वार्षिक सभेत जरूर निघावा. आणि ज्या सभासदांच्या घरी अशी गाडी आली असेल, त्यांनी आपला अनुभव, बरा असो की वाईट, वीजबिलाच्या आकड्यासह आम्हास लिहून कळवावा. पुढील अंकी तो जसाच्या तसा छापू.