शेतकऱ्याची कुंडली कोणाच्या हाती?

चिखली तालुक्यात काय अन् इतरत्र काय, शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय आता सरकारी योजनेचे पान हलत नाही. राज्य शासनाने 15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक केला. अमडापूरसारख्या गावांतून आधार, सातबारा आणि मोबाईल घेऊन शेतकरी केंद्रावर गेले, केंद्रचालकाने ओटीपी विचारला, त्यांनी सांगितला. नंबर मिळाला म्हणजे काम झाले. संमतीच्या चौकोनात खूण कोणी केली आणि तिच्याखाली काय लिहिले होते, हे मात्र किती जणांना सांगता येईल?

हा क्रमांक अ‍ॅग्रिस्टॅक योजनेचा भाग आहे. तिच्यात तीन नोंदवह्या आहेत. एक शेतकऱ्यांची, दुसरी गावनकाशांची, तिसरी हंगामातल्या पेऱ्याची. पेरा तर आपण 2021 पासून ई-पीक पाहणीत स्वतःच भरतो. शेतात उभे राहून फोटो काढला की जागेसकट नोंद होते. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये डिजिटल कृषी अभियानाला 2,817 कोटी रुपये मंजूर केले, त्यात हे सारे येते. बोगस लाभार्थी गळावा, अनुदान खात्यात थेट पडावे, हा हेतू चांगलाच आहे. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे कमी झाले तर कोणाला नको? (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, पण पारावर अजून तलाठीच.)

कोणी म्हणेल, आमच्यापाशी लपवासारखं हाये तरी काय? प्रश्न रास्त आहे. चावडीवर सातबाऱ्याचे वाचन होत आले आहे, कोणाचे कर्ज किती थकले हे गल्लीला ठाऊक असते. पण गावातली माहिती दोन्हीकडून असते. तुझे मला माहीत, माझे तुला. कंपनीला तुमचा पेरा, खत, कर्ज, बँकेचा मेसेज, तुम्ही कुठे गेलात, सगळे कळते. तुम्हाला कंपनीचे काहीच कळत नाही. फरक इथे आहे. सोयाबीन निघायला आठ दिवस आहेत, कर्जाचा हप्ता तोंडावर आहे आणि घरात साठवायला जागा नाही, हे ज्याला आधीच माहीत, तो भाव कशाला वाढवील? अडत्यालाही पूर्वी अंदाज असायचा. पण तो शे-दोनशे गिऱ्हाइकांचा, आणि बराचसा चुकीचा.

या माहितीचे मोल कंपन्यांना आपल्या आधी कळले. बीटी कपाशीमुळे विदर्भात घरोघरी ठाऊक झालेल्या मोन्सॅन्टोने 2013 मध्ये अमेरिकेतली क्लायमेट कॉर्पोरेशन ही कंपनी सुमारे 93 कोटी डॉलर देऊन घेतली. त्या कंपनीकडे ना बियाणे होते ना जमीन. हवामान आणि शेतांची माहिती होती, ती वापरायची हातोटी होती. बियाणे विकणाऱ्याने ती का घ्यावी, याचा विचार शेतकऱ्याने करायला हवा.

आणि हे सारे अमेरिकेतच घडते असे नाही. 2021 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, पतंजली अशांशी एक वर्षाचे विनामोबदला करार केले. सप्टेंबरात जिओ, आयटीसी, सिस्को वगैरे पाच कंपन्यांची भर पडली. जिओच्या प्रयोगासाठी निवडलेली ठिकाणे होती नाशिक आणि जालना. जालना म्हणजे आपली शीवच. पुढारलेल्या कंपन्या विनामोबदला काम करायला पुढे येतात, तेव्हा मोबदला दुसऱ्या कुठल्या रूपात मिळणार, हे विचारणे आपले काम आहे. अनेक शेतकरी आणि नागरिक संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता, आधी कायदा करा, मग करार.

कायदा आला, पण उशिरा. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायची. कायद्याप्रमाणे संमती मोकळ्या मनाने, नेमक्या कामापुरती घ्यायची. तिची सूचना मराठीत मागता येते. दिलेली संमती परत घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. दंड 250 कोटींपर्यंत. अनुदान आणि सरकारी लाभांसाठी मात्र शासनाला संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. म्हणजे सरकारपुढे आपला हात दबलेलाच. कंपनीपुढे तरी तो का दबावा?

सर्वात मोठा धोका कर्जाच्या अ‍ॅपचा. पाच मिनिटांत पैसे, आणि त्या बदल्यात मोबाईलमधले सगळे नंबर. हप्ता चुकला की मेहुण्यापासून सोयऱ्यापर्यंत फोन. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच बजावले आहे, की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने ग्राहकाचे नंबर, कॉलची यादी, फोटो यांना हात लावायचा नाही. जे अ‍ॅप हे मागते ते नियमाबाहेरचे, तिथेच थांबावे. तसेच पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाईल उघडू नये. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवावे.

गावपातळीवर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि सरपंचांना एक गोष्ट करता येईल. खते-औषधांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी मेळावा घेतात, शेतकऱ्यांचे मोबाईल हातात घेऊन स्वतःच अ‍ॅप टाकून देतात, नाव-नंबरांची वही भरून नेतात. मेळाव्याला जागा देण्याआधी त्यांच्याकडून मराठीत लेखी घ्यावे, कोणती माहिती घेणार, कोणाला देणार, किती दिवस ठेवणार. तो कागद ग्रामसभेत वाचावा आणि फलकावर लावावा. लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याने मेळावा दुसरीकडे घ्यावा.