‘हसा!’ न म्हणता काढलेला फोटो

गेल्या महिन्यात आमच्या सासूबाई गेल्या. दिवसकार्याला हार घालायला एक फोटो हवा होता. कपाट झालं, ट्रंक झाली, मुलांचे मोबाइल झाले. धाकट्या दिरांच्या लग्नाचा जाडजूड अल्बम निघाला; त्यात सासूबाई होत्या, पण कुठे पंगतीत पाठमोऱ्या वाढताना, तर कुठे विहीणबाईंच्या मागे अर्ध्या झाकलेल्या. मोबाइलवर तर ढीगभर फोटो! पण “आई, इकडे बघा, हसा!” म्हटल्यावर होतो ना, तोच ताठ, परका चेहरा सगळीकडे.

शेवटी फोटो मिळाला तो भाचीकडे. मागल्या दारी पायरीवर सासूबाई डाळिंब्या सोलताहेत, चष्मा नाकावर घसरलाय आणि कसलंसं हसू दाबताहेत. “हा कसा गं साधला तुला?” मी विचारलं. “मामी, मी नुसती सोलायला बसले होते आजीजवळ. निम्म्या झाल्यावर ती मला विसरली.”

चांगला फोटो हवा तर महागडा मोबाइल हवा, असं आमच्या ह्यांचं ठाम मत. मला मात्र होमाई व्यारावाला आठवल्या. नवसारीला 1913 साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या ह्या बाई आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. कॅमेरा शिकवला नवऱ्याने, आणि सुरुवातीचे फोटो छापूनही आले नवऱ्याच्याच नावावर! (वाचून तुम्हांलाही हसू आलं असेल, कसलं ते सांगायला नको.) दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरे सांभाळत त्या मोठमोठ्या समारंभांना जात. त्यांच्या रोलिफ्लेक्समध्ये एका रोलवर फोटो निघत अवघे 12. मग उगाच बटण दाबून कसं चालेल? माणूस स्वतःला विसरेपर्यंत थांबायचं. विमानतळावर बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, मिठी मारणारे नेहरू त्यांनी टिपले. त्यात पंतप्रधान दिसत नाहीत, भाऊ दिसतो. 1970 मध्ये त्यांनी हे काम सोडलं, आणि पद्मविभूषण मिळालं ते 2011 मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

आपल्याला 12 चं बंधन नाही, पण थांबायला कुणी मनाई केलीय? माणसाला खिडकीच्या उजेडात बसू द्यावं. लहान मुलाचा फोटो त्याच्याएवढं खाली बसून काढावा. आणि हो, फोडणीच्या तेलकट हातांनी मोबाइलची काच धुरकट होते, ती आधी चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसावी, पदराने नव्हे. फोटो मोठा करून घ्यायचा तर व्हॉट्सॲपवरून आलेला देऊ नये, फुटतो. मूळ फोटोच न्यावा. आम्ही एकदा पैसे घालवून हे शिकलो.

फ्रेम घरी आली तेव्हा मोठ्या जाऊबाई कुरकुरल्या, “डाळिंब्या सोलतानाचा फोटो का कुणी भिंतीवर लावतं? लोक काय म्हणतील!” मी गप्प बसले. मामंजी काठी टेकत आले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “लावा. मला उद्देशूनच काहीतरी बोलत असणार ती.”