सडपातळ माणसाचेही जास्त खाणे

भंडारा जिल्हा धानाचे कोठार. दिवाळी येईतो कारध्याच्या शिवारातले हलके धान कापणीला आलेले असते आणि घरोघरी फराळाचे डबे भरतात. अशा वेळी जास्त खाण्याचा विषय काढणे कुणाला अभद्र वाटेल. तरी तो काढतोच, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि तेरा कोटींवर त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गरजेहून जास्त खाल्लेले अन्न, भाताचे असो की तेलातुपाचे, शरीर चरबी करून त्वचेखाली साठवते. खरेदी केंद्राचे गोदाम भरले की धानाची पोती उघड्यावर रचावी लागतात. तशी त्वचेखालची जागा संपली की चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात शिरते. मग यकृत इन्सुलिनला दाद देत नाही, उपाशीपोटीही रक्तात साखर सोडत राहते. स्नायू ती नीट उचलत नाहीत. स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून बरीच वर्षे तोल सांभाळते, आणि तेवढा काळ तपासणीत सारे ठीक दिसते. ते थकले की साखर चढते.

यावर आक्षेप ठरलेला: शेतात राबणारा सडपातळ माणूस कुठे जास्त खातो? उत्तर पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आईच्या पोटातच कुपोषण सोसलेल्या अशा शरीराची साठवण लवकर भरते. त्याला थोडे जास्त हेच फार जास्त. आजोबाही ताटभर भात खात, हे खरे. पण ते चिखलणी-रोवणीत दिवस घालवत. आज ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आले, ताट तेवढेच राहिले. यात गरिबाचा हावरटपणा शोधणे अन्यायाचे आहे. रेशनचा तांदूळ जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतो, डाळ बाजारभावाने घ्यावी लागते. मग पोट भातानेच भरणार. धोरणाने डाळ स्वस्त केली पाहिजे, आणि घरानेही वाल, हरभरा, पोपटाच्या शेंगांना ताटात जागा दिली पाहिजे.

आनुवंशिकतेचा वाटा आहेच, पण मधुमेह अटळ नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वजन उतरवण्याच्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षभरानंतर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. १५ किलो किंवा अधिक उतरवणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के. आजार फार जुना होण्याआधी हे साधते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार दोनच वेळा जेवा म्हणत, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते राज्यभर नेले. कितीदा खावे यावर वाद होवोत, एकूण किती खातो हा प्रश्न त्याहून मोठा आहे. सणाचे चार दिवस कुणाला मधुमेही करत नाहीत, उरलेले वर्ष करते. म्हणून फराळ आनंदाने करा. मात्र मंडई आणि नाटकांचा हंगाम रंगण्याआधी, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्यावी, कंबरही मोजावी: पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.